लाळ आणि फिलिंग

आज मी मटेरियलबद्दल काहीच बोलणार नाहीये, कारण महागातलं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरियल, आणलं तरी दात ओला असेल तर ते टिकत नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसातली गोष्ट सांगतो. खालची शेवटची दाढ होती, एचिंग करून, म्हणजे दाताला ॲसिड लावून, धुवून, सुकवून झालं, इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, मस्त खडूसारखं पांढरं दिसत होतं आणि मी बाँडिंगची, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची, बाटली घ्यायला मान वळवली तेवढ्यात जीभ आली आणि दाढेवरून फिरून गेली. मी काय केलं, कापसाने पुसलं, हवा मारली आणि पुढे गेलो. काही महिन्यांनी पेशंट परत आला, फिलिंगच्या कडेने काळी रेघ आणि थंड पाण्याची कळ. चूक माझीच होती, आजही बोचते.

पुसून का चालत नाही, तर ॲसिडने इनॅमलमध्ये जी बारीक बारीक छिद्रं पडतात त्यात लाळेतली प्रोटिन्स बसतात, डोळ्याला कोरडं दिसतं पण बाँडला पकडायला जागाच उरत नाही. अशा वेळी परत धुवा, परत थोडं एचिंग करा, मिनिटभर जास्त जाईल, जाऊ दे. रक्त लागलं तर आणखी वाईट, म्हणून हिरडी सुजलेली असेल तर आधी ती बरी करा, दात कुठे पळून जात नाही.

लाळ येते कुठून हे डोक्यात पक्कं ठेवा. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालात एक नळी उघडते, बाकीची जिभेखालून येते. म्हणजे वर काम असेल तर गालात कापसाचा रोल, खाली असेल तर गालाच्या बाजूलाही आणि जिभेच्या बाजूलाही. रोल भिजला की लगेच बदला, भिजलेला रोल स्वतःच पाणी सोडायला लागतो!

पण खरं सांगू का, रबर डॅमला, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायच्या रबराच्या पडद्याला, तोड नाही. बार्नम नावाच्या डेंटिस्टने 1864 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो वापरला, इतकी वर्षं झाली तरी आपण "वेळ लागतो" म्हणून टाळतो. हात बसला की फारसा वेळ लागत नाही. रूट कॅनालला तर मी डॅमशिवाय हात लावत नाही, फाईल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायची बारीक सुई, हातातून सुटली तर ती थेट घशात जाऊ शकते आणि ती नळी धुवायचं हायपोक्लोराईट तोंडात सांडलं तर भाजतं. डॅम दाताला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पला आधी फ्लॉस बांधा, लेटेक्सची ॲलर्जी आहे का ते विचारा, आणि पेशंटला सांगून ठेवा की काही वाटलं तर डावा हात वर करा, कारण तोंडावर रबर असताना माणूस घाबरतो आणि त्याला बोलता येत नाही.

आणि हो, डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, मात्र हवा मारून मारून ठणठणीत कोरडं करू नका, ॲसिडनंतर उघडी पडलेली कोलॅजेनची जाळी खाली बसते आणि बाँड आत शिरत नाही. तिथे हलकी ओल राहू द्या, नुसती चमक दिसेल इतकीच.

काम संपलं की कापूस ओढून काढू नका, आधी पाण्याने भिजवा. कोरडा कापूस गालाला चिकटलेला असतो, ओढला की साल निघते आणि पेशंटला दोन दिवस झोंबतं.