ल्युसियाच्या रात्री, पाण्यावरून

(दृश्य: अंधारा धक्का. कयाकवर दिव्यांची माळ चिकटवणारे हात.)

कोपनहेगन. 13 डिसेंबर. घड्याळात साडेचार वाजलेत आणि सूर्य मावळून तास होत आला.

हे हात पुण्याहून इथे नोकरीसाठी आलेल्या आमच्या ताईंचे. माळेची बॅटरी आहे ती कोथिंबीर ठेवतो तसल्या झिपच्या पिशवीत, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. आणि कयाकच्या टोकाला डुलतोय तो दिवाळीतलाच आकाशकंदील. "उतरवून कपाटात टाकण्यापेक्षा बरं," असं ताईंचं म्हणणं.

आज सेंट ल्युसियाचा दिवस. जुन्या पंचांगाप्रमाणे ही वर्षातली सगळ्यात मोठी रात्र समजली जायची. पांढऱ्या झग्यातल्या मुली मेणबत्त्या घेऊन गात येतात, ही रीत मुळात स्वीडनची. डेन्मार्कमध्ये ती 1944 साली आली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. कोपनहेगनच्या लोकांनी पुढे ती पाण्यावर नेली. शेकडो कयाक, शेकडो दिवे.

(दृश्य: ड्राय सूट चढवणं. मग एकेक कयाक पाण्यात सरकते.)

पाणी सहा-सात अंशांवर. म्हणून हा ड्राय सूट, गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर, आत लोकरीचे दोन थर. पडलात तरी अंगाला पाणी लागत नाही. लागतं ते बोटांना. दोन तोंडांचं वल्हं एका बाजूने वर आलं की पाण्याचा ओघळ दांड्यावरून थेट हातमोज्यात.

आता ताईंकडे बघा. बसल्या बसल्या वाकल्या, आणि पहिलं काय केलं? पाण्याचा वास घेतला. मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाची ही सवय.

वास नाही.

(दृश्य: दिवसा घेतलेली दृश्यं. बंदर, तरंगता तरणतलाव, पोहणारी माणसं.)

हे आपोआप झालेलं नाही. 1995 साली शहराच्या गटारांची 93 तोंडं या बंदरात आणि आसपासच्या किनाऱ्यावर उघडत होती. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून वाहायचं. पाऊस वाढला, नळ तुडुंब भरला, की सगळा मैला इथे. पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, जाड नळ घातले. पाऊस असेतो पाणी तिथे थोपवायचं, ओसरला की शुद्धीकरण केंद्राकडे सोडायचं. युक्ती एवढीच. पण ती करायला रस्ते खणावे लागतात, पैसा जमिनीत पुरावा लागतो, आणि फीत कापायला वर काही दिसत नाही. 55 तोंडं बंद झाली. 2002 साली इस्लान्स ब्र्यूगे या बंदराकाठच्या भागात पाण्यातच हा तरणतलाव उभा राहिला, सगळ्यांना फुकट. 2017 पासून ग्रीनकयाक ही संस्था कयाकही फुकट देते. अट एकच, बरोबरच्या बादलीत पाण्यातला कचरा गोळा करून आणायचा.

फार मोठा पाऊस झाला तर आजही पोहणं थोडे दिवस बंद ठेवतात. पाण्याकाठच्या घरांचे भाव कुठे गेले, ते आम्ही चित्रित केलेलं नाही.

(दृश्य: पुन्हा रात्र. दिव्यांची रांग कालव्यात वळते.)

हा क्रिस्टियान्सहाउनचा कालवा. चौथ्या क्रिस्टियान राजाने सतराव्या शतकात डच शहरांच्या धर्तीवर वसवलेला भाग. दोन्ही काठांना बांधलेल्या जुन्या बोटी. मधून जाताना वल्ही एकमेकांना आपटतात. कोणी ओरडत नाही, नुसतं "उंदस्कुल", म्हणजे माफ करा. वर उजेडात दिसतो तो चर्चचा मनोरा, बाहेरून गोल जिना असलेला.

(दृश्य: परांचीत झाकलेली इमारत.)

हे ब्योर्सन, जुना शेअरबाजार. चार ड्रॅगनच्या शेपट्या पिळून केलेला याचा कळस 16 एप्रिल 2024 च्या आगीत कोसळला.

(दृश्य: पुलाखालून. मग पाण्याखालचे दिवे, हिरवट चेहरे.)

स्लॉट्सहोल्मेन, म्हणजे शहराच्या मधलं राजवाड्याचं बेट. त्याच्याभोवतीचे पूल इतके बुटके, की दिवसा प्रवासी बोटीतला गाइड लोकांना माना खाली घालायला लावतो. कयाकला ती अडचण नाही. आवाज मात्र ऐका. उघड्यावर विरणारं गाणं दगडी कमानीखाली दुप्पट होतं. शब्द डॅनिश, चाल इटलीतल्या नेपल्सची, तीही होडीगीताचीच.

आणि हॉयब्रो पुलाशी पाण्यात खाली बघा. जलमानव आणि त्याचे सात मुलगे, 1992 सालचं ब्राँझचं शिल्प. लोककथेतली त्याची माणूस बायको आग्नेते त्यांना सोडून जमिनीवर परत गेली. हे हात पसरून तिला बोलावताहेत. गढूळ पाण्यात हे शिल्प कोणाला दिसलं असतं?

(दृश्य: न्यूहाउन. रंगीत घरं, काठावर गर्दी. निवेदन थांबते, फक्त गाणं.)

(दृश्य: धक्का. वाफाळते कप.)

एक जण उतरताना पाण्यात पडला. सूट घट्ट होता, काही झालं नाही. कॅमेरे तोवर पेटीत गेले होते.

कपात ग्लॉग आहे, मसाला घातलेली गरम वाइन, तळाशी बेदाणे आणि बदाम. ताईंनी तो अजून घेतलेला नाही, आधी सूटमधून सुटायचंय. या ड्राय सूटची चेन पाठीवर आहे, ती दुसऱ्याने ओढायची. आणि इथे कोणाचीच बोटं अजून ताळ्यावर आलेली नाहीत.