घाम सुटेपर्यंत

(पहाट. प्राथमिक आरोग्य केंद्र. डीप फ्रीझरचं झाकण उघडतं.)

धडगाव तालुका, सातपुडा. आज पाड्यावर लसीकरण आहे. लस थंड न्यायची आहे, आणि सिस्टर सगळ्यात आधी बर्फ बाहेर काढून ठेवतात. वितळायला.

हे चार आईस पॅक. आत खुणेपर्यंत भरलेलं साधं पाणी, त्यात मीठबीठ काही नाही. फ्रीझर उणे १५ ते उणे २५ अंशांचा. तिथून काढून पॅक थेट डब्यात कोंबले, तर शेजारची लसही गोठते. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या. उन्हाला सगळेच भितात. सिस्टर बर्फालाही वचकून असतात.

(क्लोजअप. टेबलावर सुटे मांडलेले पॅक.)

आधी पॅकवर पांढरी साय दिसते. ती विरते. मग बारीक थेंब. याला इथे म्हणतात, पॅकला घाम सुटला. उन्हाळ्यात लवकर सुटतो, थंडीत ताटकळत बसावं लागतं. मग पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं की झालं. आमच्या माइकला तो आवाज धड पकडता आला नाही. सिस्टरांनी मात्र मान डोलावली.

(हात पॅक पुसतात, निळा डबा भरतात.)

चार भिंतींना चार पॅक, मधे प्लास्टिकच्या पिशवीत कुप्या, वर फोमची गादी आणि घट्ट झाकण. भिंतींच्या पोटात पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम. आत २ ते ८ अंश टिकवायचे, तेही विजेशिवाय.

(कुपीवरचं लेबल.)

हा गोल, त्यात चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. गोलाच्या रंगाला पोचला की कुपी बाद. पण लस गोठून गेली असेल, तर हा चौकोन बापडा फिकाच राहतो. म्हणून तर टेबलापाशी एवढं थांबायचं. तशी लस टोचली गेली, तर बाळाला हवं ते संरक्षण मिळत नाही.

(पायवाट. खांद्यावर डबा. पुढे आशाताई.)

(अंगणवाडीची पडवी. आया, बाळं. फक्त आवाज.)

एक पॅक आता बाहेर आहे. त्याच्या खळगीत बीसीजीची फोडलेली कुपी. चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची.

(संध्याकाळ. केंद्र.)

पॅक पुसून पुन्हा फ्रीझरमध्ये.