पाणी उजव्या हाताला

(दृश्य: शेंडी गावचा चौक, पहाट. धुक्यात पिवळा दिवा. चहाच्या किटलीचा आवाज.)

सकाळचे साडेसहा. सायकलींच्या चाकांत हवा भरून झालीय, चहा अजून उकळतोय. समोर भंडारदऱ्याचा जलाशय असायला हवा, पण तूर्तास नुसतं धुकं.

या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. चाळीस किलोमीटरच्या आसपास. पर्यटक त्याला रिंगरोड म्हणतात. आम्ही तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणार, म्हणजे देवाच्या प्रदक्षिणेसारखं पाणी कायम उजव्या हाताला. यात भक्ती कमी आणि सोय जास्त. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर, दुपारी पूर्वेकडे परततानाही पाठीवरच. ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांवर घेऊन एकदा चढ चढून बघा, मग सोय म्हणजे काय ते कळेल.

(दृश्य: धरणाची भिंत, खालून वर.)

सुरुवातीलाच धरणाच्या खालच्या अंगाला प्रवरा नदी ओलांडायची. १९१० साली या भिंतीचं काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. ८२ मीटर उंच, सगळी दगडात. गव्हर्नर विल्सनच्या नावानं विल्सन धरण, आणि मागचं पाणी म्हणजे आर्थर लेक. गावात मात्र कोणी ही नावं घेताना ऐकलं नाही. इथं अडवलेलं पाणी कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. तिकडच्या साखरेची सुरुवात इथल्या थंडगार दगडांशी होते म्हणायला हरकत नाही.

गुहिरे, मुतखेल, कोलटेंभे. गावं पटापट मागे पडतात. रस्ता सपाट कुठेच नाही. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढावर फेडायचा. दोन्ही बाजूंना हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं रान. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सुमाराला, हीच झाडं काजव्यांनी लखलखतात. शेकडो काजवे एका लयीत पेटतात, विझतात. नर मादीला खूण करत असतो. त्या अंधारात मोटारींचे प्रखर दिवे लावून जाणाऱ्यांना काय म्हणावं? सायकलवाल्यानंही दिवा जमिनीकडे वळवावा, एवढं तरी करावं.

(दृश्य: रतनवाडी. अमृतेश्वराचं मंदिर, मागे रतनगड.)

रतनवाडी. गडाच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक, खालून सुईच्या नाकासारखं दिसतं. प्रवरा याच रतनगडाच्या कुशीत उगम पावते. जेमतेम रांगायला लागते न लागते तोच तिला जलाशय गाठतो.

पायथ्याला अमृतेश्वर. शिलाहारांच्या काळातलं मंदिर, भूमिज शिखराचं, म्हणजे छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेलं. जवळच पुष्करणी, म्हणजे देवळाचं कुंड, तिच्या भिंतीत मूर्तींसाठी देवकोष्ठं. पाऊस ऐन भरात असला की गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत. पन्हळीपाशी, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं तिथं, पोचायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं, पन्हळ ओलांडायची नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धरणाचं पाणी बाहेर पडतं ती जागा आम्ही सकाळीच ओलांडून बसलो होतो!

पूर्वी इथं यायचं म्हणजे शेंडीहून लाँच. पाण्यावरून सरळ. हा वळसा गावांना जोडायला आला, फिरायला नव्हे.

(दृश्य: ओढा. पाण्यात धरलेली ट्यूब, बुडबुडे.)

साम्रदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. करवंदीचा काटा. ट्यूब काढून ओढ्यात बुडवली, हळूहळू दाबत फिरवली, आणि एका जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग वर आले. शाळेच्या गणवेशातला एक पोरगा कधीपासून उकिडवा बसून हे बघत होता. ‘दादा, हवा मी मारू?’ पंप त्याच्या हातात दिला. तो मारता मारता आकडे मोजत होता. शंभराला थांबला, चाक दाबून पाहिलं, आणि आणखी वीस मारले.

सांदण दरीकडे, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीकडे, जाणाऱ्यांची गर्दी साम्रदमध्येच भेटते. आम्ही जेवायला थांबलो. मावशींनी तव्यावर नागलीची भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगेपर्यंत कोणी बोललं नाही. सोबत खुरासणीची चटणी. बाहेर त्याच खुरासणीची शेतं पिवळीधमक फुललेली, आणि खाचरांत भात कापणीला आलेला.

(दृश्य: घाटघरचा कोकणकडा. वारा. माइकमध्ये फक्त वारा.)

इथं सायकली आडव्या टाकायच्या आणि कड्याच्या टोकापासून चार पावलं मागे बसायचं. जमीन संपते. खाली ठाणे जिल्हा, शहापूर तालुक्याची रानं. कड्यापलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला मिळतो. अलीकडचा प्रवरेतून गोदावरीत आणि पार बंगालच्या उपसागरात. दोन थेंबांत अंतर वीतभराचं.

हा नियम माणसानं इथंच थोडा वाकवलाय. घाटघरला वर एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी बोगद्यातून चारशे मीटरहून जास्त खाली सोडायचं आणि २५० मेगावॅट वीज काढायची. मागणी ओसरली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर. घाट उतरायचा, चढायचा, परत उतरायचा. सायकलवाल्याला या पाण्याबद्दल आपुलकी वाटली नाही तरच नवल.

(दृश्य: परतीचा रस्ता, लांब सावल्या.)

उडदावणे, पांजरे. मागे वळून पाहिलं की अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीनं उभे. पुढे डावीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आज मात्र ढगात तोंड खुपसून बसलेलं. बोलण्याइतका दम आता कोणाकडे नाही. फक्त चेनचा आवाज, आणि उजवीकडे पाणी. सकाळी न दिसलेलं, आता तांबूस.

मुरशेतच्या जवळ गुरं रस्ताभर पसरलेली. त्यांच्यामागे खांद्यावर काठी आडवी घेतलेले एक बाबा.

‘कुठनं आला?’

‘शेंडीहून, बाबा.’

‘आन् चाललात कुठं?’

‘शेंडीलाच.’

त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं, चिखलानं बरबटलेल्या पायांकडे पाहिलं.

‘शेंडीवरनं शेंडीला? मंग शेंडीतच बसायचं की!’

(गुरांच्या गळ्यातल्या घंटा. रस्ता मोकळा होईपर्यंत दृश्य थांबतं.)