गळ्यातलं ओळखपत्र

मित्रहो, २००४ च्या 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीतला एक प्रसंग सांगतो. ही शर्यत तीन आठवडे चालते, मुक्काम रोज बदलतो, म्हणून पत्रकार तिघं-चौघं मिळून एका गाडीतून तिच्यामागे फिरतात. त्या वर्षी 'संडे टाइम्स'च्या डेव्हिड वॉल्शला सोबत्यांनी सांगितलं, तू आमच्या गाडीत नको. ही शर्यत वर्षानुवर्षं जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजक सेवनाबद्दल वॉल्शचं पुस्तक नुकतंच आलं होतं. त्याच्याबरोबर दिसलो तर आर्मस्ट्राँगचा संघ आपल्याला दारात उभं करणार नाही, ही त्यांची धास्ती.

मला ही माणसं लबाड वाटत नाहीत. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच मर्जीवर रोजची बातमी अवलंबून असली की पेन आपोआप जपून चालतं. कुणी धमकावावं लागत नाही.

वॉल्शला माहिती कुणी दिली? संघात खेळाडूंना मसाज करणाऱ्या एमा ओरायलीनं. १९९९ च्या शर्यतीत आर्मस्ट्राँगच्या चाचणीत स्टेरॉइडचा अंश सापडला होता. सायकलच्या सीटमुळे झालेल्या जखमेवर मलम लावलं होतं, असा खुलासा झाला आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे आली. ती चिठ्ठी मागची तारीख टाकून तयार केली होती, हे ओरायलीनं सांगितलं. चाचणीची बातमी 'ल माँद' या फ्रेंच वृत्तपत्रानं तेव्हाच छापली होती. म्हणजे धागा सगळ्यांसमोर लोंबत होता! ओढायला हात मात्र फार थोडे पुढे आले. आर्मस्ट्राँगची या शर्यतीतली सातही विजेतेपदं काढून घेतली गेली ती २०१२ मध्ये. मधल्या काळात 'संडे टाइम्स'ला बदनामीच्या दाव्यात तडजोड करून आर्मस्ट्राँगला पैसे मोजावे लागले.

फुटबॉलमध्ये पत्रकार अँड्र्यू जेनिंग्जनं फिफा या जागतिक संघटनेच्या प्रमुखांना भर पत्रकार परिषदेत लाचेबद्दल विचारलं. पुढे फिफानं त्याला दारं बंद केली. तरी कागदपत्रं त्याच्याकडे येतच राहिली, कारण ती देणारी माणसं व्यासपीठावर बसत नाहीत.

विशेष मुलाखत, सरावाच्या वेळी आत प्रवेश, दौऱ्यातली जवळीक हे सगळं मीही उपभोगलंय. एकदा एक नामवंत खेळाडू 'पूर्ण तंदुरुस्त' असल्याचं पत्रक हातात पडलं. अर्ध्या तासानं तोच खेळाडू मागच्या जिन्यावर दिसला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होता. मला पाहून हसला. पुढच्या आठवड्यात त्याची मुलाखत फक्त मला मिळणार होती. मी पत्रक जसंच्या तसं छापलं, वर त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. तो खेळला, गुडघा पुरता गेला.

संघाच्या फिजिओचा नंबर माझ्या वहीत होता. त्या रात्री मी तो लावला नाही.