सोबतीशिवाय फादर घडत नाही

(भुसावळ येथे धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील, पालक व तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलगा सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, जायचं म्हणतो, तेव्हा आईवडील विचारतात, किती वर्षं लागतील? जेवणाचं काय? सुट्टीला घरी कधी येईल? तिथे त्याला जिवाभावाचा मित्र मिळेल का, हे फारसं कुणी विचारत नाही. मला वाटतं, हे आधी विचारायला हवं.

तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान, म्हणजे देवाविषयीचं शास्त्र, मिळूनच किमान सहा वर्षांचा अभ्यास. त्याआधीची तयारी, मधला धर्मग्रामातला अनुभव, शेवटी डीकनपद, म्हणजे फादर होण्याआधीची पायरी, असं धरलं तर आठ-दहा वर्षं सहज जातात. एवढी वर्षं तो घरापासून दूर, ज्यांना त्याने निवडलेलं नाही अशा मुलांबरोबर राहतो.

आपल्याकडचाच मुलगा डोळ्यांसमोर आणा. धडगावकडचा. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि आता तत्त्वज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत. शेजारच्या पलंगावर वसईचा मुलगा, तो घरी कादोडी बोलतो. पलीकडे केरळचा, त्याला मराठीचा गंध नाही. पहिल्या सहामाहीत आपला मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. हुशारी कमी असते म्हणून नव्हे. वाक्य जुळवेपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. अशा वेळी रात्री भांडी घासून झाल्यावर कुणी त्याच्याजवळ बसून म्हणालं, "चल, हे पान दोघं मिळून वाचू," तर त्याचं पाचारण, फादर होण्यासाठी देवाने दिलेली हाक, वाचतं. हो, पाचारण वाचतं, असंच मी म्हणतो. प्राध्यापकांना त्याची अडचण महिन्यांनी कळते, सोबत्याला पहिल्या आठवड्यात कळलेली असते. आणि मदत काही एकाच बाजूने होत नाही. डोंगरातल्या पाड्यावर चालत जाऊन लोकांशी कसं बोलायचं, हे त्या वसईकराला पुढे आपला मुलगाच शिकवतो.

हे नवं नाही. १५२९ मध्ये पॅरिसच्या सेंत-बार्ब कॉलेजात एका खोलीत पुढे येशूसंघ (जेझुइट) उभारणारे तिघे राहत होते: पीटर फेबर, फ्रान्सिस झेवियर आणि त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा इग्नेशियस. फेबर इग्नेशियसला ॲरिस्टॉटल समजावून सांगायचा. इग्नेशियसने फेबरच्या मनातली भीती हलकी केली. पुढे झेवियर आशियात आला, तेव्हा सोबत्यांनी पत्रांखाली केलेल्या सह्या कापून त्याने गळ्यात बांधल्या होत्या. इतका मोठा संत, पण त्यालाही मित्रांची नावं अंगावर हवीशी वाटली. आणि एका छपराखालच्या जगण्याने माणूस कसा घडतो, हे खानदेशाला मी काय सांगू? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत.

पूर्वी सेमिनरीत दोघांची जोडी फार जमली की वडीलधाऱ्यांना काळजी वाटायची. त्या काळजीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. दोघंच दोघांत राहिले की बाकीचे परके होतात. जातीचे, भाषेचे, जिल्ह्याचे गट असेच पडतात, आणि हेच गट पुढे धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात, जातात. पण त्यावर उपाय म्हणून मुलांना एकमेकांपासून तोडणं मला पटत नाही. ज्याला मित्राजवळ मन मोकळं करता आलं नाही, तो लोकांची मनं कशी ऐकेल?

आपला खानदेश नाशिक धर्मप्रांतात येतो. अंतरं मोठी, धर्मग्रामं विखुरलेली. एखादा तरुण फादर दूरच्या मिशनवर एकटाच राहतो. रविवारची गर्दी पांगते, दार लागतं, आणि बोलायला कुणी नसतं. तिथे व्यसन लागतं, चीड वाढते, प्रार्थना सुटते. अशा रात्री फोन कुणाला करायचा, हे सेमिनरीतच ठरलेलं असावं लागतं. गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या विधीच्या, वेळी महागुरूस्वामींनंतर (बिशपांनंतर) उपस्थित प्रत्येक धर्मगुरू नव्या फादरच्या डोक्यावर मूकपणे हात ठेवतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंमधलं बंधुत्व हे दीक्षेच्या संस्कारातूनच येतं, असं सांगितलं. ते सगळे हात त्या रात्री फोन उचलणारे हवेत.

आता जे मला सगळ्यात जास्त सलतं ते बोलतो. बॅचमधले सगळे शेवटपर्यंत जात नाहीत. कुणी तिसऱ्या वर्षी परत येतो, कुणी डीकन होण्याच्या तोंडावर. तो परतला की गावात कुजबुज सुरू होते, आईला चर्चमध्ये यायची लाज वाटते, आणि कालपर्यंत एका ताटात जेवलेले मित्र अचानक गप्प होतात. हे थांबलं पाहिजे. नीट विचार करून परतणं हेसुद्धा तिथल्या शिक्षणाचंच फळ आहे. सेमिनरीत शिकणाऱ्या ब्रदरांनो, तुमच्यातला जो सोडून गेला, त्याला महिन्यातून एकदा तरी फोन करा. दीक्षेची पत्रिका त्याच्या घरी स्वतः नेऊन द्या, पोस्टाने पाठवू नका. आणि पालकहो, पुढच्या रविवारी तो मुलगा मागच्या बाकावर दिसला, तर "का रे सोडलंस?" असं विचारू नका. घरी जेवायला बोलवा.