ई-बुकाची खतावणी

(दृश्य : कोल्हापूर, मंगळवार पेठ. माडीवरची खोली, जुना लॅपटॉप.)

या निवृत्त शिक्षिका. गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणतात. कथासंग्रह छापला तर गठ्ठे ठेवायला घरात जागा नाही, म्हणून ई-बुक. नवा लॅपटॉप घ्या, असा सल्ला सगळ्यांनीच दिला. गरज नव्हती. नुसत्या मजकुराच्या पुस्तकाला जुन्या मशीनमध्ये ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क एवढं पुरतं. लिहायला लिब्रे ऑफिस, ई-बुक बनवायला कॅलिबर, ईपब म्हणजे ई-बुकाची फाइल दुरुस्त करणारं सिजिल, मुक्तासारखा देखणा फॉन्ट, सगळं फुकट. पहिला खर्डा बाई मोबाइलवर बोलूनच उतरवतात. कोल्हापुरी हेल फोनला बऱ्यापैकी कळतो. विरामचिन्हं मात्र हातानं घालावी लागतात.

(दृश्य : स्क्रीनवर अगम्य अक्षरांची ओळ.)

घाम निघतो तो इथं. जुन्या कथा डीटीपीवाल्याकडं श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप झालेल्या, आणि ई-बुकाला लागतं सगळीकडं चालणारं युनिकोड. कन्व्हर्टरमधून काढलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. मग ओळ न् ओळ वाचायची. पैसे खर्चायचेच असतील तर मशीनवर नव्हे, चांगल्या मुद्रितशोधकावर खर्चावेत, असं आमचं स्पष्ट मत.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुक दुकानात मराठी पुस्तकं आली २०१६ च्या डिसेंबरात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नसला तरी तिथं चालतं. रॉयल्टी ३५ टक्के किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवी असेल तर केडीपी, म्हणजे लेखकानं स्वतः किंडलवर पुस्तक लावायची सोय, तिच्या सिलेक्ट योजनेत नाव घालायचं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडं विकायचं नाही. शिवाय ७० टक्क्यांत फाइल पोचवण्याचे दर एमबीला ७ रुपये कापतात. रंकाळ्याचे फोटो भरून फाइल १० एमबीची झाली, तर रॉयल्टी मोजण्याआधीच ७० रुपये वजा! बाईंनी फोटो काढून टाकले.

(दृश्य : रेघांची वही.)

विक्रीचा आलेख वेबसाइटवर दिसतो. तरी बाई वही ठेवतात. विकलेल्या प्रती, किंडलची वर्गणी भरणाऱ्यांनी वाचलेली पानं, फुकट उतरवलेल्या प्रती, असे वेगळे रकाने. फुकट वाटायला ९० दिवसांत ५ दिवस मिळतात. त्या दिवसांत आकडा फुगतो, हातात दमडी येत नाही. वाचलेल्या पानांचा दरही महिन्यागणिक बदलतो. चौथा रकाना बँकेत जमा झालेल्या रकमेचा. जानेवारीची रॉयल्टी मार्चअखेरीस येते. ऊस घालून बिलाची वाट बघणाऱ्या जिल्ह्याला हे काय समजावून सांगायचं!

पानाच्या कोपऱ्यात लाल शाईनं एक तारीख आहे. त्या दिवशी ९० दिवस संपतात, आणि काही केलं नाही तर मुदत आपोआप पुढं वाढते. त्याआधी बाईंना ठरवायचंय, इथंच राहायचं की गुगल प्ले आणि बुकगंगावरही पुस्तक लावायचं.