कवचाच्या आतले जगणे

खेकडा, विंचू, गोम आणि फुलपाखरू हे एकाच घराण्यातले आहेत, असे वरवर पाहता वाटत नाही. मात्र त्यांचे खंडांचे शरीर, सांध्यांचे पाय आणि बाहेरून वेढणारे कवच पाहिले, की नाते उघड होते. आजवर नोंदलेल्या प्राणिजातींपैकी सुमारे ८० टक्के जाती या संधिपाद संघातल्या आहेत.

त्यांचे कवच कायटिन हा चिवट तंतुमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या थरांचे असते. खेकड्यामध्ये त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळून ते आणखी कठीण होते. सांध्यांपाशी मात्र तेच आवरण पातळ आणि लवचिक राहते, आणि स्नायू आतून त्याला जोडलेले असतात. कोळ्यांची रचना याहून विलक्षण आहे: त्यांच्या पायांच्या मुख्य सांध्यांमध्ये पाय ताणणारे स्नायूच नसतात, ते काम शरीरद्रवाचा दाब करतो. हा दाब नाहीसा झाल्यामुळेच मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात.

एकदा कठीण झालेले कवच शरीरासोबत वाढत नाही, त्यामुळे वाढायचे तर कात टाकावी लागते. ही प्रक्रिया या प्राण्यांच्या जीवनातला सर्वांत धोक्याचा काळ आहे, असे म्हणायला हरकत नाही. जुन्या कवचाखाली नवे, मऊ आणि सुरकुतलेले आवरण तयार होत असतानाच विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, जुन्या कवचाचे आतले थर विरघळवतात आणि त्यातील बरीच द्रव्ये शरीर परत शोषून घेते. मग ठरलेल्या रेषांवर कवच उकलते. पाणी किंवा हवा गिळून प्राणी अंग फुगवतो आणि नवे आवरण कडक होण्यापूर्वी ताणून घेतो. केवळ बाहेरचे कवचच नव्हे, तर अन्ननलिकेचे आणि कीटकांच्या श्वासनलिकांचे अस्तरसुद्धा या वेळी टाकले जाते. नवे कवच कडक होईपर्यंत प्राणी जवळजवळ असहाय असतो, आणि काही तर जुन्या कवचातच अडकून मरतात.

कात टाकण्याची आज्ञा देणारे संप्रेरक, एक्डायसोन, १९५४ मध्ये अॅडॉल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांना सुमारे ५०० किलोग्रॅम रेशीमकिड्यांच्या कोषांतून मिळाले ते अवघे २५ मिलिग्रॅम.

संधिपादांचे रक्ताभिसरण खुले असते. हृदयातून निघालेला द्रव थेट अवयवांभोवती पसरतो. खेकड्यांच्या आणि विंचवांच्या या द्रवात प्राणवायू वाहणारे प्रथिन तांब्याचे असल्याने त्याला निळसर छटा येते. कीटकांनी मात्र वेगळी वाट धरली आहे. शरीराच्या बाजूंवरील श्वासरंध्रांतून हवा नलिकांच्या जाळ्यात शिरते आणि पेशींपर्यंत पोहोचते. लहान शरीरात ही व्यवस्था उत्कृष्ट चालते, परंतु शरीर मोठे होऊ लागले की नलिकांना अधिकाधिक जागा लागते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच अधिक असताना, चतुरासारख्या मेगॅन्युराच्या पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास होता. त्या आकाराशी प्राणवायूचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात.

पाण्यात चित्र बदलते. जपानजवळच्या समुद्रातील कोळी-खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याच्या जड कवचाचा भार पाणी पेलते आणि त्याच्या पसरलेल्या पायांचा विस्तार साडेतीन मीटरहून अधिक भरू शकतो.